'स्त्री' ते 'थामा': मॅडॉकची भुतं घरी बघायची तर कुठून सुरुवात करावी

एका छोट्या भयविनोदी चित्रपटातून केवढा पसारा उभा राहू शकतो, हे बघायचं तर सध्या मॅडॉक फिल्म्सची मालिका बघावी. 'स्त्री' (2018), 'भेडिया' (2022), 'मुंज्या' आणि 'स्त्री 2' (दोन्ही 2024), मग दिवाळीला 'थामा' (2025). जानेवारी 2025 मध्ये कंपनीनं 'थामा' धरून 2028 पर्यंतच्या आठ चित्रपटांची यादी जाहीर केली. त्यातले शेवटचे दोन म्हणजे सगळ्या भुतांची महायुद्धं. 'स्त्री 2'नं देशात निव्वळ सहाशे कोटींच्या आसपास कमाई केली, त्यामुळे हा पसारा आवरता घ्यायला कोणी तयार होणार नाही, हे उघड आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घराला ही मालिका दोन्हीकडून जवळची आहे. 'स्त्री'चं बीज कर्नाटकातलं. 1990 च्या दशकात बंगळूरकडे रात्री दार ठोठावणाऱ्या बाईची वदंता पसरली होती आणि ती परत जावी म्हणून लोक दारावर 'नाळे बा' (कन्नडमध्ये 'उद्या ये') लिहीत. लेखक राज-डीके यांनी ती गोष्ट मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली आणि दिग्दर्शक अमर कौशिक यांनी ती नेटकी मांडली. 'मुंज्या' मात्र थेट आपल्या कोकणातला. मुंज झालेला पोरगा सोडमुंजीआधी गेला तर झाडाला धरून राहतो, हे इकडच्या कुठल्याही आजीला समजावून सांगावं लागत नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आणि आजीच्या भूमिकेत सुहास जोशी, त्यामुळे घरातलं बोलणं, रागावणं, जेवायला बोलावणं सगळं खरं वाटतं.

मालिका वाढली ती भुताच्या नियमांवर. 'स्त्री' पूजेच्या चार दिवसांतच येते, रात्री एकट्या पुरुषाला गाठते, मागे कपडे तेवढे ठेवते आणि भिंतीवरचं वाक्य वाचून परत फिरते. मुंज्या फक्त रक्ताच्या नात्यातल्यालाच दिसतो. नियम एवढे स्पष्ट असले की प्रेक्षक स्वतःच हिशेब मांडतो: आता हा एकटा आहे, आता हिला दिसत नाहीये. भीती तिथून येते आणि विनोदही तिथूनच. 'मुंज्या'त नायक बिट्टू सगळ्यांसमोर हवेशी झटापट करतो आणि बाकीच्यांना तो वेडा झालाय असं वाटतं. हे प्रसंग एकाच वेळी हसवतात आणि अंगावर काटा आणतात, ते या एका नियमाच्या जोरावर. 'स्त्री'च्या शेवटी बसमध्ये बसलेली श्रद्धा कपूर स्त्रीची कापलेली वेणी आपल्या केसांना लावते. एक शब्द न बोलता पुढच्या भागाची सोय झाली. जोडणी करावी तर अशी.

'स्त्री 2'च्या उत्तरार्धात हीच शिस्त सुटते. सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, दिसायला जबरदस्त आहे, पण तो कशानं थांबतो आणि वेणी नेमकं काय काय करू शकते, हे प्रसंगागणिक बदलत जातं. पाहुणे कलाकार आले की टाळ्या पडतात आणि भीती ओसरते. तरी राजकुमार राव, पंकज त्रिपाठी, अपारशक्ती खुराणा आणि अभिषेक बॅनर्जी यांची जमलेली भट्टी चित्रपट तारून नेते. 'थामा'त दुखणं वाढलंय. रक्त पिणाऱ्या बेतालांची कल्पना चांगली, नवाजुद्दीन सिद्दीकी रंगात आहे, पण भेडियाशी, म्हणजे त्या चित्रपटातल्या लांडगा होणाऱ्या माणसाशी, होणारी मारामारी पुढच्या चित्रपटांची जाहिरात असल्यासारखी कथेत घुसते आणि आयुष्मान-रश्मिकाची गोष्ट तेवढा वेळ खोळंबते. पाचांत हाच सगळ्यात कच्चा.

बघण्याचा क्रम प्रदर्शनाचाच ठेवा. 'भेडिया' अडीच तासांहून लांब आहे आणि मधे रेंगाळतो, पण तो गाळला तर 'मुंज्या'चा शेवट आणि 'स्त्री 2'तली भेडियाची एन्ट्री कळणार नाही. 'स्त्री'तला जना इथेही आहे, दोन कथा त्याच्यामुळेच जोडल्या जातात. नावं सुरू झाली की टीव्ही बंद करू नका, पुढचे धागे तिथेच असतात. तिघांवरच भागवायचं असेल तर 'स्त्री', 'मुंज्या', 'स्त्री 2'. एकच बघायचा तर, आपल्याकडच्या घरासाठी, 'मुंज्या'.

सगळे एका सबस्क्रिप्शनमध्ये मिळत नाहीत. 'स्त्री 2' प्राइमवर आला, 'मुंज्या' हॉटस्टारवर, आणि हे हक्क पालटत असतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी अ‍ॅपमध्ये नाव टाकून बघा. टीव्हीवर 'व्हिव्हिड' मोड असेल तर 'भेडिया'तलं रात्रीचं जंगल नुसता काळा गोळा दिसतं. 'सिनेमा' मोड लावा आणि मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. ते चालू राहिलं तर संगणकावर घडवलेला मुंज्या व्हिडिओ गेममधून आल्यासारखा वाटतो. आवाजाचं गणितही सांभाळायला हवं. संवाद हळू आणि दचकवणारा आवाज मोठा, अशी रचना असल्यामुळे संवादासाठी आवाज वाढवला की पुढच्याच मिनिटाला गल्ली जागी होते. साउंडच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'नाइट मोड' असेल तर तो लावा. वेगळे स्पीकर नसतील तर 5.1 (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) सोडून स्टिरिओ निवडा. चंदेरीची बुंदेली वळणाची हिंदी घरातल्या मोठ्यांना झरझर समजेलच असं नाही, तेव्हा सोबत सांगणारं कोणीतरी बसवा.

लहान मुलं असतील तर 'मुंज्या'ची सुरुवात त्यांना दाखवू नका. 1952 सालातला तो भाग आहे. रात्री झाडाखाली सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघालेला गोट्या (पुढे मुंज्या होणारा पोरगा) आणि त्याच्या हातातलं शस्त्र, हे विनोदाचा आधार न घेता सरळ दाखवलंय. तेवढा भाग पुढे ढकलून गोष्ट तोंडी सांगितली, तर दहा-बारा वर्षांची मुलं पुढचा चित्रपट मजेत बघू शकतात.