शगालचे ‘डॅफ्निस आणि क्लोई’ खान्देशातल्या भिंतीवर: छापील प्रतीचे परीक्षण

चित्रकार मार्क शगालच्या ‘डॅफ्निस आणि क्लोई’ मालिकेतल्या एका चित्राची ही सुती कागदावरची इंकजेट प्रत. कथा लाँगसची, ग्रीक: लेस्बॉस बेटावर शेळ्या-मेंढ्या राखत वाढलेल्या दोघांचे प्रेम. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचे कळप पाहिलेल्याला चित्रातली जनावरे परकी वाटणार नाहीत, तरंगणारी माणसे मात्र स्वप्नातलीच. या कामासाठी शगाल १९५२ आणि १९५४ साली ग्रीसला गेला होता. पॅरिसच्या मुर्लो छापखान्यात ४२ रंगीत लिथोग्राफ (शिळाछाप चित्रे) छापले गेले आणि १९६१ साली प्रकाशक तेरियादने ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. रविवर्मा छापाच्या चित्रांप्रमाणे इथेही प्रत्येक रंग वेगळा, एकावर एक छापलेला. काही चित्रांत असे पंचवीसच्या आसपास रंग आहेत.

प्रतीची खरी परीक्षा त्या थरांतच होते. निळ्यावर जांभळा चढला तरी खालचा निळा जिवंत दिसायला हवा. चार शाईंच्या ऑफसेट छपाईत तो काळवंडतो आणि भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. या प्रतीत निळा सुरेख उतरला आहे, पिवळा जरा भडक झाला आहे. कॅनव्हासवर घेऊ नका, विणीमुळे लिथोचा सपाट रंग मरतो. आकार साधारण ४२ × ३२ सेंमी ठेवा. एकेरी पानाचा मूळ कागद तेवढाच आहे.

पैसे फ्रेमवर खर्च करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कागद आक्रसतो, पावसाळ्यात फुगतो. चारही कडा चिकटवल्या असतील तर मधे लाटा येतातच. म्हणून फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, त्याही गव्हाच्या खळीने. डबल टेप अजिबात नको. काच कागदाला टेकू नये, मधे आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. फ्रेमवाले मागे सर्रास हार्डबोर्ड ठोकतात. त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो, तेव्हा मधे आम्लमुक्त बोर्ड घालायला सांगा. मागची फट टेपने बंद करून घ्या, नाहीतर धूळ आणि कसर आत शिरते. उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत टाळा.

‘सही केलेली’ म्हणून महाग विकली जाणारी प्रत सोडून द्या: मूळ छपाईत सहीच्या प्रती फक्त ६० होत्या. समासात परवान्याची ओळ, म्हणजे हक्कदाराने छपाईला परवानगी दिल्याची नोंद, मात्र तपासा. शगाल १९८५ साली वारला, त्यामुळे भारतात या चित्रांचा स्वामित्व हक्क २०४५ अखेरपर्यंत चालू आहे.