सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं घर : सगळे ऋतू राहून झाल्यावरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला वास्तुशांत झाली. त्यानंतर थंडी, आखाजी (अक्षय्य तृतीया), मे-जूनची वादळं आणि आता जवळजवळ अख्खा पावसाळा या घरात काढला, म्हणून आता लिहायला बसलो. बांधकाम काढणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आधी निकाल सांगतो. घर मनासारखं झालं. नकाशा पेन्सिलीत होता तेव्हाच आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठेकेदार, मिस्त्री, सुतार आणि घरातली माणसं एका सतरंजीवर बसली, हे त्याचं पहिलं कारण. एक काम त्या बैठकीबाहेर राहिलं आणि आज तेवढंच त्रास देतंय. त्याबद्दल पुढे सांगतो.

जागा जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर-सावदा रस्त्याच्या वरच्या अंगाला, आमच्याच केळीच्या बागेच्या कडेला आहे. धाकट्या भावाला 'माउंटन मॉडर्न' घर हवं होतं. दगडी भिंती, जाड लाकडी तुळया, उघडं लोखंड, एका बाजूला उतरतं छप्पर आणि जमिनीपासून छतापर्यंत काच. ही घरं मूळची अमेरिकेच्या रॉकी पर्वतातली, कोलोरॅडो-मोंटानाकडची. तिथे बर्फ पडतो, त्यामुळे मोठी काच शक्यतो दक्षिणेला ठेवतात, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन घरात खोलवर येतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेच घर जसंच्या तसं इथे बांधलं तर आत माणूस भाजून निघेल. आर्किटेक्ट मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "दगड-लाकूड त्यांच्यासारखं वापरू, पण दिशा आपल्या उन्हाची धरू." आमचं नशीब असं की सातपुडा आमच्या उत्तरेला आहे. डोंगर बघायची मोठी काच आपोआप उत्तरेला आली आणि दुपारच्या उन्हापासून वाचली.

पूर्ण मात्र वाचली नव्हती. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि मावळतो तो पश्चिमेच्या बराच उत्तरेला. चुन्याने लाईनआउट, म्हणजे जमिनीवर नकाशाच्या रेषा, टाकत होते तेव्हा मिस्त्री तिथेच उभे राहून म्हणाले, "भाऊ, जेठात सूर्य त्या बाजूला बुडतो, संध्याकाळी ही काच तापणार." मॅडमनी लगेच लॅपटॉपवर सूर्याची वाट काढून पाहिली. मिस्त्रींचं बरोबर होतं. मग वायव्य कोपऱ्यातली दगडी भिंत काचेच्या पुढे पाच फूट वाढवली. यंदाच्या जूनमध्ये संध्याकाळभर त्या भिंतीची सावली काचेवर होती. बांधून झाल्यावर हे लक्षात आलं असतं तर पडदे लावून डोंगरच झाकावा लागला असता.

दक्षिणेच्या खिडक्यांवर तीन फुटी छज्जा आहे. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचा सूर्य इतका उंच असतो की ऊन खिडकीत शिरत नाही. डिसेंबरात तोच सूर्य ४५ अंशांच्या आसपास खाली येतो आणि ऊन नानांच्या खाटेपर्यंत पोचतं. पश्चिमेला एकही मोठी खिडकी नाही. जिना, न्हाणीघर आणि धान्याची खोली तिकडे टाकली, त्यामुळे उन्हाचा मारा आधी त्यांच्यावर बसतो. कूलर न लावता मे महिन्यात भर दुपारी हॉलमध्ये ३५-३६ अंश राहिले. रात्री सगळी दारं उघडी टाकायची आणि सकाळी आठच्या आत लावून घ्यायची, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

पायाचं काम फार बोलकं होतं. खाली तापीकडे काळी कपाशीची जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. आमचा पट्टा म्हणजे सातपुड्यातल्या नद्यानाल्यांनी आणून टाकलेले गोटे, वाळू आणि मुरूम. अभ्यासक याला बझाडा म्हणतात. खोदताना डोक्याएवढे गोल गोटे निघाले. ठेकेदार ते उचलून टाकायचे पैसे धरणार होता, मिस्त्री म्हणाले ठेवा. तेच फोडून कुंपणाच्या भिंतीत आणि जोत्यात वापरले. पश्चिम भिंतीचा काळा पाषाण मात्र खाणीतून आणला. त्या वेळी नानांनी एक आठवण काढली. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या इथल्याच वस्तूंतून तिथली सजावट उभी केली होती. नाना म्हणाले, आपल्या गावाला हे नवीन नाही. त्यानंतर परदेशी दिसणाऱ्या टाइल्सचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

इंजिनिअर साहेबांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बसणाऱ्या रिंगांची टोकं बार-बेंडर (सळया वाकवणारा कारागीर) काटकोनात वाकवत होता. साहेबांनी ओट्यावर बसून एक रिंग स्वतः वाकवली, टोक आत १३५ अंशांत वळवलं आणि सगळ्यांना हातात घेऊन बघायला दिली. भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं तरी असं टोक आतल्या गाभ्यात रुतून राहतं, काटकोनातलं उघडतं. भूकंपाचा विचार करून काँक्रीटचं काम कसं करायचं याचं भारतीय मानक, आयएस १३९२०, त्यात हेच सांगितलेलं आहे. त्या दिवसापासून बार-बेंडर स्वतः दुसऱ्यांच्या रिंगा तपासायचा.

लाकूड आमच्या जुन्या धाब्याच्या घराचं. पणजोबांच्या काळातलं सागवान, ते जाळायचं किंवा विकायचं कुणाच्याच मनात नव्हतं. सुताराने आधी प्रत्येक तुळई मोजली, कुठे वाळवी लागलीय, कुठे जुने खिळे आहेत ते खडूने खुणावलं. चांगल्या तुळया अकरा फुटांच्या निघाल्या, म्हणून हॉलचे गाळेच, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, तेवढ्या मापाचे धरले. लाकडासाठी नकाशा बदलणारी आर्किटेक्ट मिळणं हे आमचं भाग्य. आज त्या तुळयांखाली बसलं की जुन्या घरातल्या देवघरासमोरची तुळई कोणती, हे आई बोट दाखवून सांगते.

सगळ्यात जास्त वाद छपरावरून झाला. भावाला सगळं छप्पर उतरतं हवं होतं. आई म्हणाली, मग बिबडे, पापड, कुरडया कुठे वाळत घालू? प्रश्न अगदी खरा होता. खान्देशात उन्हाळ्यात गच्ची हे घरातलं कामाचं ठिकाण असतं. शेवटी हॉल आणि झोपायच्या खोल्यांवर पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) उतरतं छप्पर आणि स्वयंपाकघरावर सपाट स्लॅब ठरला, वर पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) आणि जायला रुंद पायऱ्यांचा जिना. हातात परात घेऊन चढता येईल, असा आईने स्वतः चढून दाखवून ठरवलेला. छपराचा पुढे आलेला भाग मॅडमना सहा फूट हवा होता. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, वादळात केळीच्या बागा आडव्या होतात ते वारं याखाली शिरलं तर? तो भाग चार फुटांवर आला आणि लोखंडी तिरके टेकू वाढले. यंदा जूनच्या सुरुवातीच्या वादळात आमची निम्मी बाग झोपली, छपराचा एक स्क्रू हलला नाही.

आखाजीला दोन्ही ताया माहेरी आल्या. झोक्यासाठी ओसरीच्या बीममध्ये कड्या काँक्रीट ओततानाच बसवल्या होत्या, चार बायका एकदम बसतील असा भार धरून. मागच्या ओट्यावर खापराची चूल आहे, मांडे तिथेच झाले. उन्हाळा-पावसाळ्यात वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं, म्हणून चूल घराच्या पूर्वेला ठेवली आणि धूर बाहेर जातो. हिवाळ्यात पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भरिताची वांगी भाजली तेव्हाही घरात धूर आला नाही. ही सूचना वहिनीची.

काम चालायचं असं. दर शनिवारी प्लॉटवर बैठक. एक जाड रजिस्टर होतं. जे ठरलं ते त्यात लिहायचं, खाली मॅडम, ठेकेदार आणि आमच्यापैकी एकाची सही. बदल हवा असेल तर आधी त्याचा खर्च लिहायचा, मग हो-नाही. ठेकेदाराला नकाशाच्या टप्प्यापासून बसवलं आणि त्या वेळेचे पैसे वेगळे दिले. नातेवाइकांना हे उधळपट्टी वाटलं. मला विचाराल तर संपूर्ण खर्चातले सगळ्यात चांगले गेलेले पैसे तेच. बजेट तरीही साधारण दहा टक्क्यांनी वाढलं, बहुतेक लोखंड आणि काचेपायी. दगडकामाला वेळही जास्त लागतो, घाई असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता तक्रारी. मोठ्या काचेच्या अॅल्युमिनियम खिडक्या करणारा माणूस उशिरा ठरला, भिंती उभ्या राहिल्यावर. त्याच्या फ्रेमच्या पन्हाळीतलं पाणी बाहेर काढायची भोकं लहान निघाली आणि खालच्या दगडी पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार नव्हता. वाऱ्यासकट पाऊस आला की पाणी हॉलमध्ये येतं. सिलिकॉन मारून झालं, थोडं कमी झालं, थांबलं नाही. तो माणूस आता फोन उचलत नाही. तो आधी ठरला असता तर दगड, काच आणि फ्रेम यांचा सांधा सगळ्यांनी एकत्र बसून कागदावर काढला असता.

उतरत्या छपराची आणि गच्चीची पन्हाळ जिथे मिळते तिथे पाला अडकतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा वर चढावंच लागतं, जाळी लावून भागत नाही. जोराच्या पावसात छपराचा आवाजही होतो. पफमुळे कमी होतो, पण फोनवर बोलायचं तर आतल्या खोलीत जावं लागतं. पन्हाळीचं पाणी मात्र वाया जात नाही. गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलंय. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने ७० हजार लिटर, थोडं वाया गेलं तरी बरंच. केळीसाठी उपसून उपसून बोअर किती खोल गेलेत हे इथे सगळ्यांना माहीत आहे आणि या गोट्यांच्या जमिनीत पाणी भराभर मुरतं. माझ्या मते पायथ्याला घर बांधणाऱ्याने हे केलंच पाहिजे.

खिडक्यांसाठी मॅडम, मिस्त्री आणि एक नवा फॅब्रिकेटर मागच्या शनिवारी येऊन गेले. खालची दगडी पट्टी काढून बाहेर उतार देऊन पुन्हा बसवायची, फ्रेमवर पत्र्याची पाणीतोड (पाणी बाहेरच गळून पडावं म्हणून लावलेली पट्टी) लावायची आणि भोकं मोठी करायची असं ठरलं. रजिस्टरमध्ये लिहिलंय, तिघांच्या सह्या आहेत. दिवाळीनंतर काम सुरू होईल. पुढच्या पावसाळ्यात पाणी थांबलं की नाही ते इथेच खाली लिहीन.