आधी मेटाडेटा की आधी जॅट्स? विनाशुल्क शोधनियतकालिक चालवणाऱ्यांसाठी तुलना

वाचकाला मोफत आणि लेखकाकडूनही एक रुपया न घेता चालणाऱ्या शोधनियतकालिकाला ‘डायमंड’ ओपन ॲक्सेस म्हणतात. अशा नियतकालिकाची तांत्रिक बाजू सांभाळायला वेगळा माणूस सहसा नसतोच. ती ग्रंथपालाकडे येते, नाहीतर संगणकाची भीती नसलेल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाकडे. तासिका, परीक्षा आणि पेपर तपासणी सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास हाताशी राहिले तर राहिले. तेवढ्यात मानकं शिकायची, तर सुरुवात कुठून करावी?

वाटा मुख्यतः तीन दिसतात. पहिली: ओजेएस (नियतकालिक चालवण्याचं सॉफ्टवेअर) बसवायचं, लेख पीडीएफमध्येच ठेवायचे आणि सगळा जोर मेटाडेटावर, म्हणजे शीर्षक, लेखक, सारांश अशा लेखाविषयीच्या माहितीवर, द्यायचा. दुसरी: लेखाचा पूर्ण मजकूर जॅट्स या एक्सएमएल (मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावणाऱ्या) मानकात आणायचा. तिसरी: मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात मोजक्या चिन्हांनी मथळे वगैरे दाखवायची पद्धत) ठेवायचा आणि पांडॉक या फाइलींचा प्रकार बदलणाऱ्या साधनाकडून हव्या त्या फाइली काढून घ्यायच्या. माझा कौल पहिलीला आहे. उरलेल्या दोन्हींचीही योग्य जागा आहे, तिथे पुढे येतोच.

ओजेएस आणि मेटाडेटा

ओजेएस हे कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं मुक्त सॉफ्टवेअर. दोन दशकांहून जुनं आहे आणि जगभरची हजारो नियतकालिकं त्यावर चालतात. लेखाचं शीर्षक, लेखक, सारांश आणि मुख्य संज्ञा (कीवर्ड) त्यात भरल्या की ते त्याच माहितीतून डब्लिन कोअर या माहिती-मानकाच्या १५ रकान्यांची नोंद बनवतं आणि ओएआय-पीएमएच या पद्धतीने बाहेरच्या यंत्रांना वाचायला देतं. या पद्धतीची सध्याची आवृत्ती २००२ सालची आहे आणि तिच्यात विनंत्या फक्त सहा प्रकारच्या आहेत. एका दुपारी समजावी इतकीच ती आहे. आपल्या नियतकालिकाच्या ओएआय पत्त्यावर सगळ्या नोंदी मागणारी विनंती ब्राउझरमधून पाठवून बघा. आपला अंक यंत्राला कसा दिसतो ते लगेच समोर येतं: सारांश रिकामा, लेखकाच्या नावाच्या जागी ‘संपादक मंडळ’, मराठी लेखाची भाषा इंग्रजी.

या वाटेवर शिकायचं थोडं असतं, शिस्त मात्र खूप लागते. नावाचंच बघा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात; ओजेएसमध्ये आणि क्रॉसरेफमध्ये (लेखांचे कायमचे पत्ते नोंदवणारी संस्था) रकाने दोनच. मधलं नाव पहिल्या रकान्यात पहिल्या नावासोबत ठेवायचं, हे एकदा ठरवून सगळ्या अंकांत तसंच पाळायचं. नाहीतर एकाच बाईंचे तीन लेख तीन वेगळ्या लेखकांच्या खात्यावर पडतात आणि बढतीच्या वेळी त्यांनाच धावपळ करावी लागते. २०१२ पासून सुरू असलेला ऑर्किडचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाला वेगळी ओळख देणारा, १६ अंकी क्रमांक लेखकाला मोफत मिळतो. लेख स्वीकारतानाच तो मागून घ्यावा.

देवनागरीसाठी वेगळी मेहनत

मानकांच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

मराठी नियतकालिकांची जुळणी वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतीदेव यांच्या युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठी एकच संगणकीय अक्षरसंच येण्याआधीच्या) फाँटांत झाली. त्या फाइलीतलं शीर्षक ओजेएसमध्ये चिकटवलं की रोमन अक्षरांचा काला उमटतो. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. पीडीएफमध्ये तेही दिसत नाही: पान सुबक असतं, पण त्यातला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. युनिकोड फाँट वापरूनही सगळं सुटतं असं नाही. ‘किती’ हा शब्द पीडीएफमधून कॉपी करून बघा. पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी जाऊन बसलेली असते, कारण पीडीएफ अक्षरं उच्चाराच्या क्रमाने नाही, तर पानावर दिसतील त्या क्रमाने ठेवू शकतं.

याहून बारीक गोष्ट म्हणजे एकच शब्द दोन प्रकारे टाइप होणं. ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा रफार कुणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून काढतो, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे मजकूर, आणि आजचे कित्येक कळफलकही, ‘अ’वर अर्धचंद्र चढवतात. पानावर दोन्ही सारखंच दिसतं, संगणकासाठी मात्र ते वेगळे शब्द असतात. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत. म्हणून नियतकालिकाने एक रूप निवडावं, ते शैलीपत्रकात लिहावं आणि शीर्षक, सारांश, संज्ञा चढवण्याआधी शोधा-बदला चालवावं. दहा मिनिटांचं काम आहे. ते केलं नाही तर ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आपला लेख सापडेलच असं नाही.

हे काम तिन्ही वाटांवर करावंच लागतं, आणि त्याची सवय पहिल्या वाटेवर सगळ्यात स्वस्तात लागते.

डीओआय: क्रॉसरेफ, झेनोडो की आर्क?

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, आयएसओ २६३२४ या मानकाने ठरलेला. शोधलेखांसाठी तो बहुतेक ठिकाणी क्रॉसरेफमार्फत घेतला जातो. खर्च डॉलरमध्ये होतो: सगळ्यात लहान प्रकाशकालाही वार्षिक सदस्यत्व २०० ते ३०० डॉलरच्या घरात पडतं, शिवाय प्रत्येक नव्या लेखामागे १ डॉलर. वर्षाला बारा लेख छापणाऱ्या मंडळाला लेखांचा खर्च जाणवत नाही, सदस्यत्वाचा जाणवतो. कमी उत्पन्नाच्या देशांना क्रॉसरेफने २०२३ पासून शुल्क माफ केलं आहे, पण भारत त्या यादीत नाही. एखाद्या प्रायोजक संस्थेमार्फत सदस्य झाल्यास बोजा कमी होऊ शकतो. विद्यापीठाने स्वतः सदस्य होऊन आपली सगळी नियतकालिकं एका छत्राखाली आणावीत, हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग.

या पैशांत संदर्भांची साखळी मिळते. आपल्या लेखाचे संदर्भ नोंदवले की कोणी कोणाचा आधार घेतला हे दोन्ही बाजूंनी दिसतं, आणि हा संदर्भांचा साठा आता सर्वांसाठी खुला आहे. ओजेएसमधून क्रॉसरेफकडे नोंद थेट पाठवता येते, हाताने एक्सएमएल लिहावं लागत नाही. त्याबदल्यात बंधनं आहेत: संदर्भसूचीत इतरांचे डीओआय द्यायचे, आणि संकेतस्थळ हललं की प्रत्येक लेखाचा नवा पत्ता कळवायचा. सर्व्हरचं नूतनीकरण विसरलेल्या संस्थेचे डीओआय मेलेल्या पानावर जाऊन आदळतात. ही जबाबदारी पेलणार नसेल तर डीओआय घेऊच नये.

युरोपातली सर्न ही संस्था चालवते ते झेनोडो हे फाइलींचं ऑनलाइन भांडार २०१३ पासून आहे. तिथे फाइल चढवली की मोफत डीओआय मिळतो, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक आणि पानं भरायलाही रकाने आहेत. अडचण एकच, पण मोठी: तो डीओआय झेनोडोच्या पानावर नेतो, तुमच्या नियतकालिकाच्या पानावर नाही. ज्या मंडळाचं स्वतःचं संकेतस्थळ डळमळीत आहे त्याला हे वरदान आहे. ज्याला नियतकालिकाची ओळख उभी करायची आहे त्याला मी क्रॉसरेफच सुचवेन. आर्क हा कायमच्या पत्त्याचा तिसरा प्रकार, क्रमांकाला शुल्क नसलेला. पण क्रमांकावरून खऱ्या पानाकडे वळवणारी यंत्रणा स्वतः राखावी लागते, म्हणून तो अभिलेखागार आणि जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहांना जास्त शोभतो.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, आपल्याकडे दिल्लीच्या निस्पर या सीएसआयआर संस्थेतून विनाशुल्क मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचा वेगवेगळा घ्यावा लागतो. डोआज या मुक्त नियतकालिकांच्या निर्देशिकेत अर्ज करायलाही पैसे पडत नाहीत. तिथे डीओआय सक्तीचा नाही. समीक्षेची पद्धत, वापराचा परवाना, संपादक मंडळ आणि वर्षाला किमान पाच शोधलेख हे मात्र तपासलं जातं. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केल्यापासून नियतकालिकाची पत दाखवण्याचं ओझं संपादकांवरच आलं आहे. अशा वेळी डोआजची नोंद हाताशी असणं मोलाचं ठरतं.

जॅट्स: ताकद मोठी, किंमतही

जॅट्स हे निसो या अमेरिकी मानकसंस्थेचं मानक, क्रमांक झेड३९.९६. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने २००३ मध्ये काढलेल्या टॅगयोजनेतून ते वाढलं आणि २०१२ मध्ये मानक झालं. लेखाचे तीन मुख्य भाग होतात: पुढचा मेटाडेटाचा, मधला मजकुराचा आणि शेवटचा संदर्भांचा. परिच्छेद, तक्ता, तळटीप, संदर्भातलं वर्ष, प्रत्येक गोष्टीला नाव असतं. त्यामुळे एका फाइलीतून वेबपान, पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तक) निघतं, आणि अंध वाचकाच्या वाचनयंत्राला मथळा कुठला, टीप कुठली हे कळतं. मराठीसाठी त्यात चांगली सोय आहे: भाषेची खूण, भाषांतरित शीर्षक आणि सारांशासाठी वेगळी जागा, आणि एकाच लेखकाचं नाव दोन लिप्यांत देण्याची व्यवस्था. पीडीएफमधला वेलांटीचा गोंधळ इथे उरत नाही.

लॅटिन अमेरिकेने हे करून दाखवलं आहे. ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या सायलो या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाने जॅट्सवर आधारलेली स्वतःची टॅगयोजना नियतकालिकांना लावली. मेक्सिकोच्या रेडालिक या तशाच संग्रहाने टॅग लावायचं साधन संपादकांना मोफत दिलं. ते जमलं कारण त्यांच्या पाठीशी सार्वजनिक पैसा होता, प्रशिक्षण होतं आणि अडलेल्याला विचारायला माणूस होता. आपल्याकडच्या एकट्या ग्रंथपालामागे यातलं काही नसतं, आणि हा फरक लक्षात न घेता जॅट्सचा आग्रह धरणं मला पटत नाही.

वर्ड फाइल जॅट्समध्ये बदलणारी साधनं आहेत, ओजेएससाठी प्लगइनही आहेत. पण लेखकाने मथळा म्हणून अक्षरं नुसती ठळक केली असतील तर साधनाला तो मथळा आहे हे कळत नाही. नंतरची दुरुस्ती हातानेच होते, आणि मराठी संदर्भसूचीत तर जास्तच. त्यामुळे जॅट्स लिहायला शिकण्याआधी लेखकांना वर्डच्या शैली वापरायला लावा. ही सवय लागली की पुढचं निम्मं काम झालेलं असतं. आणि जॅट्स वाचायला मात्र प्रत्येकाने शिकावं. त्याच्या तीन टॅगयोजनांपैकी निळी, म्हणजे प्रकाशनासाठीची, तेवढीच उघडावी. तिचं दस्तऐवजीकरण मोफत आहे आणि उदाहरणांनी भरलेलं आहे.

पांडॉक, आणि लाटेक

मार्कडाउनमध्ये लेख ठेवून पांडॉकने पीडीएफ, वेबपान आणि जॅट्स काढणं ही संगणकाच्या माणसांची आवडती वाट. संशोधनाच्या सॉफ्टवेअरवरचे लेख छापणारं जॉस हे विनाशुल्क नियतकालिक २०१६ पासून असंच चालतं; लेखकच मार्कडाउन पाठवतात. ज्यांचे लेखक प्रोग्रामर आहेत त्यांनी दुसरं काही बघूच नये. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांच्या लेखकांकडून वर्डच येणार, आणि मग ही वाट संपादकाच्या एकट्याच्या डोक्यावर बसते. तो निवृत्त झाला की अंक थांबतो. लाटेक या जुळणीच्या साधनाबद्दल एवढंच: गणित आणि भौतिकशास्त्राला हवंच, इतरांनी त्यात वेळ घालू नये.

मग निवड

आठवड्याला दोन-तीन तास आणि तांत्रिक मदत नाही, असं असेल तर पहिलं वर्ष ओजेएस, स्वच्छ युनिकोड, आयएसएसएन आणि ओएआयची तपासणी यांनाच द्या. डीओआय पुढच्या अंदाजपत्रकात मागा. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, आणि जतनासाठीचं त्यांचं मोफत जाळंही ओजेएसमधूनच सुरू करता येतं. ते पहिल्या अंकापासून चालू ठेवा.

विद्यापीठात चार-पाच नियतकालिकं असतील आणि एक पगारी माणूस मिळणार असेल, तर त्याला जॅट्सच शिकवा. तिथे मेहनत विभागली जाते आणि फायदा सगळ्यांना मिळतो. आरोग्यशास्त्राच्या नियतकालिकाला पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या संग्रहात जायचं असेल तर प्रश्नच नाही, तिथे पूर्ण मजकूर एक्सएमएलमध्येच द्यावा लागतो.

आणि ज्यांच्या कपाटात चाळीस-पन्नास वर्षांचे छापील अंक आहेत, त्यांनी जुना मजकूर जॅट्समध्ये आणायच्या फंदात पडू नये. पानं स्कॅन करावीत, प्रत्येक लेखाचं शीर्षक, लेखक, वर्ष आणि पृष्ठं युनिकोडमध्ये ओजेएसमध्ये भरावीत, आणि त्या काळच्या लेखकांच्या वारसांकडून परवान्यासाठी लेखी संमती मागायला आजच सुरुवात करावी, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.