बांधलेले टू-स्ट्रोक इंजिन जाम झाले: बोअर घट्ट की मिश्रण लीन?

माझ्या पडवीतल्या बाकावर सध्या दोन पिस्टन शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्ही यामाहा आरएक्स १०० चे, दोन्ही ५० मिलिमीटरच्या मूळ बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भोकाला) ०.२५ चा पहिला ओव्हरसाईझ देऊन, म्हणजे भोक तेवढे मोठे करून, बसवलेले, आणि दोन्ही इंजिन बांधल्यापासून दोनशे किलोमीटरांच्या आत जाम झालेले. एक माझ्या गाडीचा आहे. तो साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना अडकला. दुसरा शेजाऱ्यांच्या गाडीचा; तो म्हापशाहून पर्वरीकडे सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना अडकला. रस्त्यावरचा अनुभव दोघांचाही एकच होता: इंजिनाचा दम गेला, मागचे चाक क्षणभर घसरले, क्लच दाबून गाडी कडेला घेतली आणि पंधरा-वीस मिनिटांनी किक पुन्हा सुखाने खाली गेली. दुखणी मात्र निराळी होती, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले असते तर नवा पिस्टनही त्याच वाटेने गेला असता.

माझ्या पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या बाजूवर) गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या, भोकांच्या दोन्ही अंगांना, म्हणजे एकूण चार कोपऱ्यांवर, उभे चकचकीत पट्टे उमटले आहेत. पिनभोवती धातू जाड असतो, तो तापला की तिथेच जास्त फुगतो, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळपास दुपटीने फुगत असल्यामुळे पिस्टन आणि भिंत यांतली मोकळीक अपुरी असेल किंवा थंड इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर पिळला असेल, तर हे चार कोपरे सर्वांत आधी भिंतीला लागतात. शेजाऱ्यांच्या पिस्टनवर मात्र सायलेंसरच्या बाजूलाच एक रुंद, खरबरीत पट्टा आहे. बाकीच्या स्कर्टवर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा अजून जशाच्या तशा दिसतात, आणि त्यांचा प्लग खडूसारखा पांढरा निघाला. ही खूण लीन मिश्रणाची, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याची.

खुणेवर थांबू नये, मोजावे. पिस्टनचे माप स्कर्टच्या खालच्या कडेजवळ, पिनला काटकोनात घ्यावे. बोअरचे माप बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घ्यावे. अशा एअर-कूल्ड ब्लॉकमध्ये सर्वसाधारणपणे ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर मोकळीक लागते. माझ्याकडे ती जेमतेम ०.०२ भरली. लेथवाल्याने हातातला पिस्टन न मोजता खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून बोअर मारला होता. (पिस्टन त्याच्याकडे न ठेवता फक्त खोका दाखवून आलो, हा दोष माझाच.) शेजाऱ्यांची मोकळीक बरोबर निघाली, तेव्हा मोर्चा हवेच्या गळतीकडे वळवला.

ही गळतीची चाचणी पुष्कळ जण टाळतात, आणि नेमकी तीच निर्णायक ठरते. सायलेंसर काढून इंजिनाचे त्या बाजूचे तोंड रबर लावून बंद करावे, कार्बुरेटर काढून त्याच्या रबरी जॉइंटच्या तोंडात बूच बसवावे आणि बुचातल्या नळीतून इंजिनात थोडी हवा भरावी. त्यासाठी रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी पुरेशी आहे: काटा ३०० वर नेला की सुमारे ०.४ बार दाब होतो, आणि तो काही मिनिटे टिकायला हवा. शेजाऱ्यांच्या गाडीत काटा डोळ्यांदेखत उतरत गेला. साबणाचे पाणी फिरवल्यावर बुडबुडे आले ते त्या रबरी जॉइंटच्या खालच्या अंगाला. वरून तो ठणठणीत दिसत होता, वाकवल्यावरच भेग उघडली. बुडबुडे मॅग्नेटच्या बाजूच्या ऑईल सीलला आले असते तरी परिणाम तोच. क्लचच्या बाजूचे सील गेले तर मात्र गिअरचे तेल आत खेचले जाऊन पांढरा धूर दिसतो.

आणखी दोन शक्यता थोडक्यात. ओरखडे सर्व बाजूंनी असतील आणि आतले सगळे कोरडे असेल, तर इंजिन बांधल्यावर ऑईल पंपातली हवा काढायची राहिली असे समजावे. म्हणूनच पहिल्या टाकीत लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी तेल वेगळे मिसळतात. ओरखडे पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या झरोक्यांच्या) कडांच्या रेषेत असतील, तर बोअरनंतर त्या कडा घासून बोथट केलेल्या नाहीत आणि रिंग तिथे अडकते आहे.

आता खर्चाचा निर्णय. इंजिन जाम झाले की पुढच्या साईझचा बोअर मारण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो घाईचा वाटतो. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, मूळ ब्लॉक आता दुर्मीळ आहेत आणि ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा चारच पायऱ्या हातात असतात. भिंतीला चिकटलेला करडा थर बहुधा पिस्टनचेच ॲल्युमिनियम असते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने, हातमोजे आणि चष्मा घालून, तो विरघळवल्यावर नख फिरवावे. नख अडकले नाही, तर घट्ट बोअरला मोकळीक पूर्ण होईपर्यंत होनिंग (दगडाने भिंत हलकी घासणे), आणि लीनच्या बाबतीत आधी गळती बंद करून मग त्याच साईझचा नवा पिस्टन, एवढे पुरते. नख अडकत असेल तरच पुढची पायरी. शेवटची पायरीही संपली असेल तरच बाजारातला नवा ब्लॉक घ्यावा. त्याच्या बिडाचा दर्जा कसा असेल हे पाहून सांगता येत नाही, म्हणून मी तो पर्याय शेवटी ठेवतो.

लीनच्या बाबतीत पेट्रोलचाही विचार करावा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना मेन जेट (कार्बुरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र) मुळातच थोडा लीन चालतो, त्यामुळे एक आकडा मोठा जेट लावून प्लगचा रंग पाहणे योग्य. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आणि कार्बुरेटर आधी रिकामे करावेत, कारण इथेनॉल आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी साचले की ते तळाशी वेगळे होते.

माझ्या ब्लॉकला होनिंग करून ०.०४५ मोकळीक मिळाली. शेजाऱ्यांना लेथवाल्याकडे जावेच लागले नाही. नवा जॉइंट, नवा पिस्टन आणि एक आकडा मोठा जेट एवढ्यावर त्यांची गाडी सुरू झाली, आणि पहिल्या फेरीनंतर काढलेला प्लग विटकरी निघाला.