ओहाय: काही महिने राहून पाहिल्यावर

कॅलिफोर्नियातल्या ओहायची जाहिरात दोनच शब्दांत होते: कला आणि वेलनेस. लॉस एंजेलिसहून गाडीने साधारण दीड-दोन तासांवरची ही दरी, वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. शनिवार-रविवार राहून जाणारे लोक हरखून लिहितात. नवऱ्याच्या कामामुळे आमचा मुक्काम मात्र महिनोन्‌महिने झाला, घरभाडं भरलं, उन्हाळा काढला. तेव्हा निकाल आधीच सांगते. कलेला पाचपैकी साडेचार, दरीला पैकीच्या पैकी, विकतच्या वेलनेसला जेमतेम दोन. घरभाड्याला तारे द्यायची माझी इच्छा नाही.

गावाचं रूप बघताक्षणी आवडतं, पण ते आपोआप घडलेलं नाही. 1917 पर्यंत याचं नाव नॉर्डहॉफ होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन वळणाचं नाव नकोसं झालं आणि ते बदललं. त्याच वर्षी बाजारपेठेला आग लागली. ओहायो राज्यातल्या टोलिडोचे काचकारखानदार एडवर्ड लिबी इथे थंडी घालवायला यायचे. त्यांनी पैसे ओतून मध्यवस्ती स्पॅनिश धाटणीत बांधून घेतली: दुकानांपुढची कमानींची ओळ, पोस्टाचा घंटेचा मनोरा, समोरची बाग. म्हणजे हे ‘जुनं स्पॅनिश गाव’ एका श्रीमंत पाहुण्याची आवड आहे. तरी शंभर वर्षांत ते मुरलंय. साखळी दुकानांवर शहराने कडक निर्बंध घातलेत, त्यामुळे त्या कमानींखाली सगळीकडे दिसणाऱ्या त्याच त्या पाट्या नाहीत. राहणाऱ्याला याची दुसरी बाजूही कळते. मेणबत्ती हवी तर सोळा प्रकारच्या मिळतील, पण साधी बादली, पायमोजे, वायर असलं काही हवं असेल तर गाडी काढून समुद्रकाठचं व्हेंचुरा शहर गाठायचं. हिंग-तूरडाळीसाठी तर दरीबाहेर जाण्यावाचून गत्यंतरच नाही.

कलेला साडेचार दिले त्यातला मोठा वाटा बियाट्रिस वुड या बाईंचा. 1893चा जन्म, 1998 साली गेल्या, वयाच्या 105व्या वर्षी. तरुणपणी न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँ या कलावंताच्या गोटात, म्हणजे ‘दादा’ नावाच्या बंडखोर कलाचळवळीतल्या मंडळींत होत्या, मातीकामाकडे वळल्या त्या चाळिशीच्या सुमारास. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींना ऐकायला म्हणून ओहायला आल्या आणि इथल्याच झाल्या. भारतात जाऊन आल्यावर साडी आणि चांदीचे दागिने हाच त्यांचा रोजचा वेश झाला. अप्पर ओहायमधलं त्यांचं घर-स्टुडिओ आता कलाकेंद्र आहे. त्यांच्या भांड्यांवरची झळाळी फोटोत उतरत नाही. भट्टीतला प्राणवायू कमी केला की लेपातले धातूचे क्षार पृष्ठभागावर चकाकी धरतात. कधी सोनेरी, कधी मोरपिशी, आणि भट्टी उघडेपर्यंत काय होईल याची पूर्ण खात्री नाही. मी तिथे पुन्हा पुन्हा गेले. गावातल्या बऱ्याच गॅलऱ्यांमध्ये दिसणाऱ्या सूर्यास्ताच्या चित्रांपेक्षा ते एक दालन भारी आहे.

दुसरी गोष्ट संगीत. 1947 साली सुरू झालेला आणि आता सहसा जूनमध्ये भरणारा, लिबी बागेतल्या खुल्या रंगमंचावरचा संगीत महोत्सव. तोही सोपा, गुणगुणण्याजोगा नाही. स्त्राविन्स्की, कोपलंड, बुलेझ असे विसाव्या शतकातले बडे संगीतकार इथे येऊन गेलेत. दरवर्षी संगीत दिग्दर्शक नवा. 2017 साली पियानोवादक विजय अय्यर होते. एवढ्याशा गावात लोक हिरवळीवर बसून अवघड आधुनिक रचना ऐकतात, मधेच झाडावरचे पक्षी सूर लावतात, कोणी हलत नाही. खुर्चीचं तिकीट परवडत नसेल तर हिरवळीवर बसा, तिथे मजा जास्त.

बार्ट्स बुक्स हे जुन्या पुस्तकांचं दुकान 1964 पासूनचं, आणि बहुतेक सगळं उघड्यावर. रस्त्याकडेच्या फळ्यांवरची पुस्तकं दुकान बंद असतानाही घ्यायची आणि पैसे दारातल्या फटीतून आत टाकायचे. कोकणातल्या पावसात पुस्तकांना बुरशी येताना बघितलेल्या माझ्यासारखीला आधी धडकीच भरते. पण इथला उन्हाळा ठणठणीत कोरडा.

आता वेलनेस. योगवर्ग, साउंड बाथ, श्वसनाच्या कार्यशाळा, स्फटिक, सगळं आहे. एका ठिकाणी तासभर वाडग्यांचे नाद ऐकण्याचे 40 डॉलर मोजले. छान झोप लागली, एवढंच म्हणेन. दुसऱ्या वर्गात शिक्षिका प्रत्येक आसनाचं संस्कृत नाव घेतल्यावर माझ्याकडे बघायची, जणू मी शिक्का मारून देणार. बिचारीचे उच्चार माझ्या शाळेतल्या काही मास्तरांपेक्षा बरे होते, पण प्राणायामाच्या नावाखाली जे चाललं होतं त्याला मान डोलावणं जमलं नाही.

याच दरीत कृष्णमूर्ती राहिले ही गंमत विसरता येत नाही. 1922 मध्ये भाऊ नित्यानंदाची क्षयाची तब्येत कोरड्या हवेत सुधारेल म्हणून दोघे इथे आले. नित्या 1925 मध्ये गेला. 1929 मध्ये कृष्णमूर्तींनी आपल्याभोवती इतरांनी उभी केलेली संघटनाच विसर्जित केली आणि पुढे जन्मभर गुरू नको म्हणून सांगत राहिले. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जसे ते बोलायचे, तसे इथे ओक वृक्षांखाली बोलायचे, 1985 पर्यंत. 17 फेब्रुवारी 1986 रोजी इथल्याच पाइन कॉटेजमध्ये त्यांनी देह ठेवला. आणि आज त्याच गावात हाकेच्या अंतरावर गुरू मिळतात, सवलतीच्या दरात! त्यांच्या कॉटेजशेजारचं वाचनालय आणि पश्चिमेच्या टेकडीवरचं क्रोटोना, म्हणजे थिऑसॉफिस्टांनी 1920च्या दशकात हॉलिवूडहून हलवलेलं ठाणं, या दोन्ही जागी कोणी तुम्हाला बरं करायला धावत नाही. माझं डोकं तिथेच शांत झालं.

संध्याकाळचा ‘पिंक मोमेंट’ मात्र जाहिरातीइतकाच खरा. दरी पूर्व-पश्चिम पसरली आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन लांबून सरळ आत शिरतं आणि पूर्वेच्या टोपाटोपा कड्यावर पडतं. काही मिनिटं अख्खा कडा गुलाबी. फुकट.

गैरसोयी राहिल्यावरच कळतात. उन्हाळ्यात पारा सहज 38 अंशांपलीकडे जातो. पाणी मुख्यतः कॅसिटास तलावाचं आणि विहिरींचं, म्हणजे पाऊस रुसला की सगळ्यांचे बगीचे पिवळे. आगीची भीती तर घरात राहायलाच असते. डिसेंबर 2017 मधल्या थॉमस आगीने 2 लाख 81 हजारांहून जास्त एकर जाळलं, गावाच्या चहूकडचे डोंगर पेटले होते. शेजारी अजून तारखा ‘आगीआधी’ आणि ‘आगीनंतर’ अशा सांगतात आणि गाडीच्या डिकीत कागदपत्रांची पिशवी ठेवतात. आम्हीही ठेवली. निवासी भागात महिन्याहून कमी मुदतीने घर देण्यावर बंदी आहे; तरी भाडी इतकी की हॉटेलात, मळ्यात राबणारे बरेच जण दरीबाहेरून येतात. त्यांच्या वेलनेसबद्दल कुठलं पोस्टर नाही. याच नगरपालिकेने 2023 मध्ये हत्तींच्या स्वातंत्र्याचा ठराव कायदा म्हणून मंजूर केला. गावात हत्ती एकही नाही.

यायचंच तर मार्च-एप्रिलमध्ये या. संत्र्या-लिंबांच्या मळ्यांत फुलांचा वास कोंडलेला असतो आणि पिक्सी नावाची बिनबियांची छोटी संत्री बाजारात येतात. रविवारच्या शेतकरी बाजारात ती घ्या, स्पाचे पैसे वाचवा. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायवाट थेट समुद्राच्या दिशेने उतरते. सायकलने व्हेंचुराला जाताना उतार लागतो, येताना चढ. 16 नंबरची बस परत वर आणते आणि तिच्या पुढच्या कठड्यावर सायकल अडकवता येते.