शनेल नंबर ५ की मिस डिओर?

दोन्ही अत्तरं पॅरिसची, दोन्ही फॅशनच्या घरातली. पण कुंडली वेगळी.

नंबर ५ आलं १९२१ मध्ये. अर्नेस्ट बो या अत्तरकाराने फ्रान्समधल्या ग्रास गावच्या चमेलीत आल्डिहाइड नावाची कृत्रिम रसायनं सढळ हाताने घातली. त्यामुळे वास कुठल्याच एका फुलाचा येत नाही. कडक इस्त्रीच्या कपड्यासारखा स्वच्छ, थोडा अंतर राखून असणारा. अर्काच्या बाटलीच्या गळ्याला आजही पातळ पापुद्रा लावून काळा दोरा हाताने गुंडाळतात.

धंद्याची गोष्ट मात्र कडू. १९२४ च्या करारात अत्तराच्या कंपनीतला वाटा असा ठरला: धंदा सांभाळणाऱ्या वेर्थायमर बंधूंना ७० टक्के, त्यांची शनेलशी ओळख करून देणाऱ्या बादेर यांना २०, आणि जिचं नाव बाटलीवर, त्या कोको शनेलला फक्त १०! ती पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिली. कंपनी आज त्याच वेर्थायमर कुटुंबाची आहे, शेअर बाजाराबाहेर.

मिस डिओर १९४७ चं, ख्रिश्चन डिओरच्या ‘न्यू लुक’ या गाजलेल्या कपड्यांच्या पहिल्या शोबरोबरचं. नाव त्याची बहीण कॅथरीन हिच्यावरून. नाझींविरुद्ध लढून ती राव्हन्सब्रुकच्या छळछावणीतून परतली होती. इथे अत्तर आणि कपडे यांची मालकीच वेगळी झाली: अत्तराचा धंदा मोएत-हेनेसी या मद्यकंपनीकडे गेला, कपड्यांचा विभाग एलव्हीएमएचने (मोएत-हेनेसी ज्यात पुढे विलीन झाली तो समूह) थेट २०१७ मध्ये घेतला.

जुनं मिस डिओर हिरवट, शेवाळी होतं. आज त्या नावाने मिळतं ते गोडसर, दुसरंच. आजीची बाटली आठवून घेणार असाल, तर माझं मत शनेलला.