फोरामिनिफेरा की कॉकोलिथ? लघुप्रबंधासाठी गट निवडताना

आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन नागपूर किंवा अमरावतीला भूशास्त्र शिकायला गेलेले विद्यार्थी सुट्टीत भेटले की हा प्रश्न हमखास विचारतात. सागरी प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, जीवाश्मांवर काम करायचे हे ठरलेले असते, पण प्लवक फोरामिनिफेरा (एकपेशीय जीवांची बारीक कवचे) घ्यावेत की कॉकोलिथ (एकपेशीय शैवालांवरच्या त्याहूनही बारीक चुनखडीच्या चकत्या), हे ठरत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जिथे पायाखाली सगळा काळा दगड आहे, तिथे बसून मी बाहेरून आणलेल्या नमुन्यांवर दोन्ही गटांचे काम केले आहे. त्यामुळे पुढील मत एका लहान प्रयोगशाळेतल्या अनुभवाचे आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

सोयीचा विचार केला तर कॉकोलिथ निःसंशय सरस ठरतात. दातकोरणीच्या टोकावर येईल एवढा गाळ, पाण्याचा थेंब आणि एक काचपट्टी पुरते. अतिनील किरणांनी घट्ट होणारा गोंद तर आमच्या उन्हातच पक्का होतो. खडकांच्या पातळ छेदांसाठी घेतलेला ध्रुवण सूक्ष्मदर्शक बहुतेक विभागांत असतो, त्याला तैलभिंग (तेलाच्या थेंबातून पाहायचे जास्त शक्तीचे भिंग) मिळाले की काम सुरू होते. फोरामिनिफेरांसाठी मात्र गाळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावा लागतो, आणि मार्च उलटल्यावर चार-चार दिवस नळ कोरडा असणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नाही. बोअरचे पाणी जड असते. अखेरची खळखळ ऊर्ध्वपातित पाण्याने केली नाही तर कवचांवर पांढरा थर बसतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कवचे स्थिर विजेमुळे कुंचल्यावरून उडून जातात, म्हणून मी निवडण्याचे काम पावसाळ्यासाठी राखून ठेवतो.

एवढे असूनही माझा कल फोरामिनिफेरांकडे झुकला. एक अडचण मला कॉकोलिथांच्या बाबतीत कधीच पार करता आली नाही: ते उलटून पाहता येत नाहीत. काचेखाली जी बाजू वर आली तीच आपल्या नशिबी. दुसऱ्या संस्थेतून आलेल्या एका काचपट्टीवर मी मायक्युला म्युरस आणि मायक्युला प्रिन्सिआय या दोन जवळच्या जातींत कित्येक संध्याकाळी अडकून पडलो होतो. प्रिन्सिआयची ओळख तिच्या लांब, नाजूक भुजांवर ठरते. भुजा तुटलेल्या असतील किंवा कण तिरपा बसला असेल, तर समोर दिसते ते म्युरस की मोडलेली प्रिन्सिआय, हे खात्रीने सांगता येत नाही. क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडाच्या, अगदी शेवटच्या थराचा निर्णय त्या नावावर अवलंबून असतो, म्हणून ही अनिश्चितता मला फार बोचली.

फोरामिनिफेराचे कवच ओल्या कुंचल्याने हवे तसे फिरवता येते. तमिळनाडूतील अरियालूरच्या सहलीतून आणलेल्या गाळातील ग्लोबोट्रंकाना या फोरामिनिफेरांची दोन कवचे वरून पाहताना एकसारखीच वाटली. आडवी करून कडेने पाहिली तेव्हा एकाच्या दोन्ही बाजू सपाट आणि काठावरच्या दोन उंच कडा एकमेकींपासून दूर, म्हणजे लिनियाना ही जाती, तर दुसऱ्याची सर्पिल (कप्प्यांचे वेटोळे दिसणारी) बाजू फुगीर आणि कडांचा पट्टा कललेला, म्हणजे आर्का ही जाती. तेच कवच खाचपट्टीत चिकटवून ठेवले की दहा वर्षांनी दुसऱ्या कुणालाही माझी चूक दाखवता येते.

वर्गीकरणाच्या पायाचाही प्रश्न आहे. फोरामिनिफेराचे कवच हे एका जीवाचे संपूर्ण घर असते, तर कॉकोलिथ ही एका पेशीवरच्या अनेक चकत्यांपैकी एक. काही पेशींवर वेगवेगळ्या आकारांच्या चकत्या असतात, आणि एकाच जातीच्या दोन जीवनावस्थांतल्या चकत्या इतक्या भिन्न असू शकतात की त्यांना पूर्वी दोन नावे दिली गेली. सुट्या चकतीला जातीचे नाव देताना माझा हात म्हणूनच थोडा अडखळतो. नावे लिहिण्याचे नियमही निराळे आहेत: फोरामिनिफेरांना प्राणिशास्त्राची नामसंहिता लागू होते, तर कॉकोलिथांना वनस्पतिशास्त्राची, ज्यात जाती (स्पीशीज) दुसऱ्या प्रजातीत (जीनसमध्ये) हलवणाऱ्याचे नावही लिहावे लागते. याची सवय मात्र लवकर होते.

एका ठिकाणी माझा हा कल कमकुवत पडतो. विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे बेसाल्टच्या थरांमधील गाळात क्रिटेशसनंतर लगेच आलेल्या डेनियन काळाच्या आरंभीचे प्लवक फोरामिनिफेरा मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून आपल्या भागातील विद्यार्थ्यांना त्या काळाची ओढ आहे. परंतु ती कवचे फार बारीक असतात, आणि त्या काळाचे आजचे वर्गीकरण भिंतीच्या पोतावर, म्हणजे छिद्रांचा आकार, मधमाशीच्या पोळ्यासारखी खळगेदार रचना आणि काट्यांच्या खुणा यांवर उभे आहे. त्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मागून मोठ्या शहरात जावे लागते. कुंचल्याने उलटून पाहण्याचा फायदा तिथे बराचसा संपतो.

ज्यांच्या हाती वेधनविहिरीतील चिमूटभर भुकटीच आहे, त्यांनी कॉकोलिथच घ्यावेत. ज्यांच्याकडे अर्धा किलो मऊ, चुनखडीयुक्त चिकणगाळ आणि चार बादल्या पाणी आहे, त्यांनी निर्णयापूर्वी एक नमुना धुऊन पाहावा; मात्र त्याआधी चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवावी, म्हणजे आधीच्या नमुन्याची अडकलेली कवचे निळी दिसतील आणि ती आपली म्हणून मोजली जाणार नाहीत.